कायदेशीर बनियन

या गोष्टीवर तुमचा विश्वास बसणार नाही. बसू नयेच. माझाही बसला नसता, पण मी स्वतः तिथं हजर होतो, त्यामुळे माझा नाइलाज झाला. निम्म्या गल्लीला मी ही गोष्ट सांगून बसलोय, आणि उरलेल्या निम्म्या गल्लीनं ती त्यांच्याकडून ऐकून मला तोंडावर थापाड्या म्हटलंय. तरी आज पुन्हा सांगतो, कारण पार्सलची गाडी अजून आलेली नाही आणि तुम्ही सगळे माझ्या दुकानात अडकलेले आहात. अडकलेल्या श्रोत्याइतका गुणी श्रोता नाही.

दुकान माझं सुया, दोरे, बटणं, नाड्या आणि लेस यांचं. पाटीवर अजून तसंच लिहिलंय. आत मात्र तुमची पार्सलं. तुम्ही फोनवर बोट फिरवून वस्तू मागवता, ती घरपोच येणार म्हणून खूश होता, आणि गाडीवाला जिने चढायचा कंटाळा करून सगळ्या गल्लीचा ढीग माझ्या काउंटरवर टाकून जातो. म्हणजे ज्या गिऱ्हाइकानं पायपीट नको म्हणून माझं दुकान सोडलं, तेच आता घरपोच आलेली वस्तू न्यायला पायपीट करत माझ्या दुकानात येतं. याला प्रगती म्हणायचं की लांबचा वळसा, हे ठरवायला माझ्याहून शहाणा माणूस हवा. तो त्या खोक्यावर बसलेलाच आहे. आमचे ओव्हरसियर. नोकरी संपून जमाना झाला, पण देखरेख सुटलेली नाही. आणि दाराला टेकून उभी आहे ती समोरच्या बिल्डिंगमधली, तिसऱ्या मजल्यावरची सूनबाई. ती कधी बसत नाही. पार्सल घेते आणि जाते. माझी एकही गोष्ट तिनं आजवर शेवटपर्यंत ऐकलेली नाही, हे तिचं नशीब.

बाकीच्यांनी मिळेल त्या खोक्यावर टेका. काउंटरजवळच्या त्या स्टुलावर मात्र नको. त्याचा पाय मोडका आहे.

तेव्हा तो मोडका नव्हता. तेव्हा त्या स्टुलावर बाई बसायच्या. बाई म्हणजे या सूनबाईच्या सासूबाई. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणायची. रोज संध्याकाळी त्या काहीतरी घ्यायला खाली उतरायच्या. एखादं रीळ, एखादं बटण, काहीच सुचलं नाही तर एक सुई. मी रीळ काढून द्यायचो. त्या म्हणायच्या, निळा. मी म्हणायचो, हिरवा. आता आमच्या धंद्यात एक नियम आहे: दोऱ्याचा रंग दिव्याखाली ठरवायचा नसतो, दिवा फसवतो. रंग बघायचा तो उंबऱ्यावर, बाहेरच्या उजेडात. म्हणून आम्ही दोघं रीळ घेऊन उंबऱ्यापर्यंत जायचो, ते उजेडात धरायचो, आणि तो निळाच निघायचा. मला तो आत असतानाच निळा दिसलेला असायचा. पण गिऱ्हाइकाची खात्री करून देणं हे दुकानदाराचं कर्तव्य आहे, आणि कर्तव्याच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात कोपऱ्यावर ते मोठं दुकान आलं. काचेचं दार, आपोआप उघडणारं. आमच्या ओव्हरसियरांनी पहिल्या दिवशी नुसतं ते दार बघायला पाच-पंचवीस चकरा मारल्या आणि घरी येऊन सांगितलं की बिजागरीत दोष आहे. त्या दुकानाची खरी करामत दारात नव्हती. ते माल घरी पाठवायचे. फोन करा, संध्याकाळच्या आत घरी. माझं गिऱ्हाईक तिकडे असं वाहत गेलं, जसं काही माझ्या दुकानालाच उतार होता.

माझा पुतण्या कुठल्याशा शिबिराला जाऊन आला होता. तिथं त्याला जेवण आणि पिशवी मिळाली, आणि त्या बदल्यात त्यांनी त्याच्या डोक्यात बरंच काही भरलं. तो म्हणाला, काका, ग्राहकाची अपेक्षा बदलते आहे. मी म्हटलं, बदलू दे, माझी बटणं तीच आहेत. तो म्हणाला, तीच तर अडचण आहे. पुतण्या असल्यामुळे मी त्याला काही बोललो नाही. मुलगा असता तर बोललो असतो.

खरं सांगायचं तर गिऱ्हाईक गेल्याचं मला तितकं वाटलं नव्हतं. पण एका संध्याकाळी बाई स्टुलावरून उठताना काउंटर धरून उठल्या. समोरच्या जिन्याकडे बघितलं. आणि रीळ पिशवीत टाकता टाकता सहज म्हणाल्या, "आता गुडघे ऐकत नाहीत हो. ते कोपऱ्यावरचे घरी पाठवतात म्हणे."

बस. दुसऱ्या दिवसापासून मी घरपोच सेवा सुरू केली.

पहिल्यांदा मी स्वतःच जायचो. ही पद्धत अगदी निर्दोष आहे, फक्त तिच्यात माणसांना घेऊ नये. तळमजल्यावर बटण द्यायला गेलो की चहा. पहिल्या मजल्यावर नाडी द्यायला गेलो की चहा, आणि त्यांच्या जावयाचं ऑपरेशन. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत माझी अवस्था अशी व्हायची की बटण देण्याआधी मला त्यांचं बाथरूम विचारावं लागायचं. दुकानदाराच्या इज्जतीला याहून मोठा धक्का नाही. आणि तिसऱ्या मजल्यावर? तिथं दार उघडायचा बाईंचा मुलगा. पुडी घ्यायचा, थँक्यू म्हणायचा, दार लावायचा. मी बंद दारासमोर उभा. हिरवा की निळा, कुणी विचारत नव्हतं.

तेव्हा ओव्हरसियर पुढे आले. म्हणाले, तुम्ही वर जाताय हीच चूक आहे. माल वर जायला हवा. त्यांनी मला दोरी आणि कप्प्यांची एक योजना काढून दिली. माझ्या दुकानाच्या छपरापासून समोरच्या बिल्डिंगपर्यंत, तिथं प्रत्येक गॅलरीच्या कठड्यापाशी एक कप्पी, आणि दोरीचा गोल फेरा करून परत माझ्याकडे. दोरीला एक टोपली. मी दुकानात चाक फिरवायचं, टोपली सगळ्या मजल्यांवरून फिरून यायची. ज्यांना हवं त्यांनी कापडाचा तुकडा किंवा जुनं बटण नमुना म्हणून टाकायचं, पुढच्या फेऱ्यात जोडीचं हजर. ते चाक म्हणजे माझ्या बहिणीचं जुनं शिवणयंत्र होतं. त्यामुळे मी काउंटरमागे बसून पायानं पॅडल मारायचो आणि हातानं बटणं निवडायचो.

ओव्हरसियर, मान हलवू नका. ती कप्पी तुम्हीच उलटी बसवली होती.

कप्पी उलटी बसल्यामुळे जो वेग आला, तो मला आजवर कुणाला पटवता आलेला नाही. पहिल्याच दिवशी तळमजल्यावरच्या आजोबांनी कवळी धुऊन कठड्यावर ठेवली होती. टोपलीनं ती उचलली, तिन्ही मजले फिरवली आणि परत जागेवर ठेवली. आजोबांना एवढंच जाणवलं की कवळी जरा गार लागतेय. पुढे तर टोपली इतकी तरबेज झाली की गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत बटण पोचायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना एकदा काळं बटण मिळालं. त्या चिडल्या, आपण मागवलंच नाही म्हणून. आणि चिडण्याच्या झटक्यात त्यांच्याच ब्लाउजचं काळं बटण तुटलं. आता याहून चांगली सेवा कोपऱ्यावरच्या काचेच्या दुकानानं देऊन दाखवावी.

त्यांनी सेवा दिली नाही, तक्रार दिली. पालिकेतून माणूस आला. दोरीखाली उभा राहून बराच वेळ वर बघत राहिला, एकदा टोपली डोक्यावरून गेली तेव्हा खाली वाकला, आणि मला ऑफिसात बोलावून गेला.

ऑफिसात प्रश्न असा पडला की ही वस्तू आहे तरी काय. बांधकामवाले म्हणाले, हलते म्हणजे बांधकाम नाही, वाहन आहे. वाहनवाले म्हणाले, चाक जागेवर आहे आणि रस्ता खाली आहे, हे वाहन नव्हे, यंत्र आहे. यंत्रवाल्यांनी विचारलं, चालवतं कोण? मी म्हटलं, मी, पायानं. ते म्हणाले, मग यंत्र तुम्ही आहात, आणि माणसाला परवाना द्यायची आमच्याकडे सोय नाही. तिन्ही टेबलांवरून मी तसाच फिरलो जशी माझी टोपली तिन्ही मजल्यांवरून फिरायची. फरक एवढाच की टोपली परत येताना रिकामी नसायची.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत एका कारकुनाला दया आली. घास चावत तो म्हणाला, "या गॅलरीतून त्या गॅलरीत जाणाऱ्या दोरीला एकाच बाबतीत परवानगी लागत नाही. कपडे वाळत घालायला. तुमच्या दोरीवर एखादा कपडा आहे का?"

त्या दिवसापासून टोपलीच्या शेजारी एक कपडा कायमचा टांगलेला असायचा. हाताशी होतं ते टांगलं. माझं बनियन.

आता माझ्या अब्रूचा विचार करा. दुकानदाराचा माल गल्लीत फिरतो, यात अभिमान आहे. पण त्या मालाच्या पुढे पुढे दुकानदाराचं बनियन फिरतं, आणि त्याला काखेत भोक आहे, हे सगळ्या मजल्यांना रोज दिसतं. लोक टोपली आली म्हणायचेच नाहीत, काकांचं बनियन आलं म्हणायचे. धंदा मात्र जोरात. कोपऱ्यावरचं काचेचं दार आता आपोआप उघडायचं आणि कुणी नाही बघून आपोआप मिटायचं. पुतण्या म्हणाला, काका, तुम्ही ग्राहकाची अपेक्षा ओळखलीत. मी म्हटलं, हो ना.

आणि स्टूल रिकामं पडलं.

हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला, कारण पाय पॅडलवर आणि डोळे बटणांच्या डब्यात. एका संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरून कापडाचा तुकडा आला. मी रीळ काढलं, सवयीनं म्हटलं, हिरवा. समोर कोणी नव्हतं. मी एकटाच रीळ घेऊन उंबऱ्यावर गेलो आणि उजेडात धरलं. निळा होता. इतका निळा की राग आला. मान वर केली तर तिसऱ्या मजल्यावर कठड्याच्या वर बाईंचं डोकं दिसत होतं, पांढरं, नीट विंचरलेलं. त्यांनी हात केला. मीही केला. मग काय करायचं ते दोघांनाही कळेना, म्हणून मी आत येऊन रीळ टोपलीत टाकलं. माझी सेवा इतकी चोख झाली होती की माझ्याकडे यायचं काही कारणच मी शिल्लक ठेवलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग तुम्ही जायचं वर. कसं जायचं? मागणी असताना माल घेऊन जातो तो दुकानदार. मागणी नसताना माल घेऊन जातो तो फेरीवाला. आणि हातात मालही नसताना जिना चढतो त्याला काय म्हणायचं, तो शब्द मला माहीत नाही. माहीत असता तर त्या वयात तो अंगाला लावून घेतला नसता.

मग मी सेवा बिघडवायला घेतली. हे काम सोपं वाटतं, करून बघा. निळा मागितला की मुद्दाम हिरवा पाठवायचो, म्हणजे तक्रार करायला तरी त्या येतील. तक्रार आली नाही. हिरवा ठेवून घेतला. बटणाच्या जागी हूक पाठवला, तोही ठेवून घेतला. इकडे दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना चुकून एकदा जांभळं बटण गेलं तर त्या स्वतः खाली येऊन तासभर बोलल्या. चुकीचं गिऱ्हाईक खाली यायला कधीच वेळ लागत नाही.

आणि मग एका दुपारी बनियन फेरा मारून परत आलं, तर काखेतलं भोक गायब.

रफू केलं होतं. असं बारीक की बोट फिरवल्यावरच कळावं. बोटाला लागलं म्हणून मी ते उंबऱ्यावर नेऊन बघितलं. दोरा पांढरा नव्हता. निळा होता. माझ्याच दुकानातला, मीच काढून दिलेला. पांढऱ्या बनियनला निळ्या दोऱ्यानं रफू चित्रकलेची बाई चुकून करत नाही.

पुढचं तुम्हाला सांगायला मला लाज वाटायला हवी, पण ती पार्सलच्या गाडीबरोबर येईल बहुतेक. मी घरातला एकेक धड कपडा घेऊन बसलो. कात्रीनं शर्टाचं बटण काढलं आणि शर्ट दोरीवर टांगला, कायद्यासाठी. तिसऱ्या मजल्यावर शर्ट थांबला की टोपलीतून नमुना यायचा: त्याच शर्टाचं दुसरं बटण उसवून पाठवलेलं. मी जोडीचं बटण पाठवायचो. पुढच्या फेऱ्यात शर्ट दोन्ही बटणं लावून परत. दुसऱ्या दिवशी मी कॉलर उसवायचो. मग खिसा. असं करत करत माझे कपडे इतके व्यवस्थित झाले की बहीण मला विचारायला लागली, कुठं काही ठरतंय का. ओव्हरसियरांनी दुर्बीण लावून शिवणीची पाहणी केली आणि टाके सरळ असल्याचं प्रमाणपत्र तोंडी दिलं. त्या दिवसांत मी टोपलीचा वेग मुद्दाम कमी केला होता. पॅडल इतकं हळू मारायचो की तिसऱ्या मजल्यावर टोपली पोचते की नाही असं वाटावं. मग ती थांबायची. तिथं दोरीला वरून हलकासा हिसका बसायचा, आणि तो माझ्या पायाला कळायचा.

तो हिसका अजून कळतो. पाय कधी कधी आपणहून हलतो. डॉक्टर म्हणतात, नस आहे.

पण कोपऱ्यावरचे गप्प बसले नव्हते. पालिकेचा माणूस पुन्हा आला, या वेळी स्टूल मागितलं, त्यावर उभा राहिला आणि माझा शर्ट हातानं चाचपला. कोरडा. त्यानं पुन्हा चाचपला. मग खाली उतरून मला समजावलं की वाळत घालायचा कपडा कायद्यानं ओला असावा लागतो. कोरडा कपडा दोरीवर फिरवणं म्हणजे वाहतूक. मी म्हटलं, ऊन कडक आहे, लगेच वाळतो. तो म्हणाला, वाळल्यावर काढायचा असतो. यावर तुमच्याकडे उत्तर असेल तर सांगा, अजून उपयोगी पडेल.

दोरी उतरवली. कप्प्या काढल्या. शिवणयंत्र बहिणीकडे परत गेलं. माझ्या छपराचा तो आकडा तेवढा राहिला, वर बघा, गंजलाय पण आहे. पाहिलात? आता दोरी खरी वाटते ना? कवळीही खरी वाटेल हळूहळू.

तर दोरी गेली ती संध्याकाळ. मी इथंच उभा होतो. आता टोपली नाही, म्हणजे बाईंना काही हवं असेल तर खाली येणं भाग. मी स्टूल पुसून ठेवलं. आणि त्या आल्या. हळूहळू, कठडा धरत, एकेक पायरी उतरत आल्या. रस्ता ओलांडून आत आल्या, त्या स्टुलावर बसल्या, काउंटरवर हात ठेवला आणि रीळ मागितलं. मी काढून दिलं. म्हटलं, हिरवा. त्या हसल्या. आम्ही दोघं उंबऱ्यावर गेलो, रीळ उजेडात धरलं, आणि अंधार पडेपर्यंत आमचं ठरेना, निळा की हिरवा. शेवटी त्या म्हणाल्या, "राहू दे. उद्या बघू." आणि मग रोज...

दारात हालचाल झाली. सूनबाई भिंतीपासून सुटून आत आली. खोकी ओलांडत सरळ काउंटरपाशी आली आणि, मी हात पुढे करून पाय मोडका आहे, मोडका आहे म्हणेपर्यंत, त्या स्टुलावर बसली. स्टूल हललंसुद्धा नाही.

"खोटं बोलताय, काका," ती म्हणाली. "आई खाली आल्याच नाहीत. ना त्या दिवशी, ना त्यानंतर कधी. तोवर दोघांनी धरल्याशिवाय त्यांना उठता येईनासं झालं होतं. खालून तुम्हाला नुसतं डोकं दिसायचं. पण दोरी गेल्यावरसुद्धा रोज संध्याकाळ झाली की त्या मला बाहेरच्या चपला पायात घालून द्यायला लावायच्या, आणि मग गॅलरीत बसायच्या."